मुठीची खूण

१२ ऑगस्ट, मंगळवार

दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनं ही वही दिली. दोन रकाने आखायला लावले. एकीकडं खूण, दुसरीकडं अर्थ. हे हातानं काय काय करतात ते बघायचं आणि रोज लिहायचं. मी म्हणलं, बाई, मी चौथीतून काढलेली, मला कुठं जमतंय. तर म्हणल्या, "आजी, शाळा नको, डोळे पायजेत. दिवसभर त्यांच्यापाशी तुम्हीच असता." खरंय. अशोक नोकरीला, सून मीना नोकरीला, नात तनू शाळेला. राहिलं कोण? मी.

वहीच्या पुढून मॅडमचं लिहीन. मागून माझं. मागचं कोणी वाचायचं नाही.

ह्यांना जूनमधी झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात नाही. तोंडातून एकच शब्द येतो, "व्हय." चहा घेता का? व्हय. नको का? व्हय. मी कोण, तुमची सासू? व्हय. मॅडम म्हणतात अक्कल शाबूत आहे, सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. वाचाघात म्हणे.

गल्लीत सांगितलंय, घसा बसलाय. अडीच महिने घसा बसलाय! आज शेजारीण हळदीचं दूध सांगून गेली. ती बोलत होती तेव्हा हे खिडकीतून हातवारे करत होते. मी पडदा ओढला. लाज वाटते, दुसरं काय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी चहा. "साखर टाकू?" "व्हय." टाकली तर डावा हात वर नेऊन एक हिसका खाली. दुसरा चमचा उचलला, परत हिसका. तोंडानं व्हय व्हय चालूच. मी ओरडले, नीट सांगा की काय ते! परत तेच. मग डोक्यात उजेड पडला. माणसानं बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. गाडीच्या छताखालची दोरी. एक घंटी, थांब. दोन घंट्या, जाऊ दे.

"बिनसाखरेचा करू?" दोन हिसके.

वहीत लिहिलं. एकदा दोरी ओढणे: नाही. दोनदा: हो. तोंडाकडं लक्ष देऊ नये.

फोनवर मॅडमला सांगितलं तर मॅ. म्हणल्या, आजी, तुम्ही माझं अर्धं काम केलं. अशोकनं ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. दिवसभर छाती फुगवून हिंडले.

२० ऑगस्ट, बुधवार

मॅ.नं घरातल्यांचे फोटो पुढं ठेवले. हा कोण, ही कोण, खूण करून दाखवा. अशोकचा फोटो, डोळ्यावर चष्मा. मीनाचा, कानाला फोन. तनूचा, दोन वेण्या. मग माझा.

हे लई वेळ बघत बसले. मग दोन बोटांचा चिमटा केला आणि तोंडापाशी नेऊन कटाकटा उघडझाक. तिकिटाला भोकं पाडायचा चिमटा.

तनू आधी हसली. मग मीना. मग मॅ., तोंडावर रुमाल धरून. मग हे स्वतः, एका बाजूनं. मीबी हसले, नाहीतर काय करणार? घरी आल्यावर रकाना भरला. चिमटा तोंडापाशी: मी.

पंचेचाळीस वर्षांचा संसार. त्यातून एवढंच हाती लागलं त्यांच्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नवीन खूण. उजव्या हाताची मूठ वळून गेलेली, उघडत नाही. डाव्या हातानं ती उचलून मांडीवर ठेवली. डाव्या अंगठ्यानं हळू दाबली. फिरवून दुसऱ्या बाजूनं दाबली. मग नाकापाशी नेऊन वास घेतला आणि दाराकडं बघितलं. तीनदा तसंच.

मीना म्हणाली, "आबांचा हात ठणकू राह्यला वाटतं." अशोक म्हणाला, डॉक्टरला दाखवू.

मला लगेच कळलं. सीताफळ. पिकलं का नाही ते असंच बघतात, अंगठ्यानं, जोर न लावता. सीताफळ म्हणजे दौलताबाद. दौलताबाद म्हणजे ह्यांची थोरली बहीण. किल्ल्याखालच्या रस्त्याला टोपली घेऊन बसते. नाव लिहीत नाही इथं. व. लिहीन, वन्संचा व.

वहीच्या पुढं लिहिलं. मूठ दाबणे, वास घेणे. अर्थ: कळत नाही.

अक्षर मात्र चांगलं आलं.

३० ऑगस्ट, शनिवार

चार दिवस झाले, तेल चोळणं चालू आहे. मीना कामावरून येते, हातपाय धुते, मूठ मांडीवर घेऊन बसते. तिळाचं तेल कोमट करून. हे दोरी ओढतात, एकदा, एकदा. ती म्हणते, "दुखतंय ना आबा? थोडं सोसा." मी भाजी निवडत समोर बसलेली.

अशोकनं आज हाताचा फोटो काढून आणला दवाखान्यातून. हाड धड आहे. मग ठणकतंय काय? मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" मी म्हणलं, मी काय डॉक्टर हाय?

मग जाता जाता, "आत्याला कळवलं होतं ना गं तू?"

"कळवलं. गुडघे धरलेत म्हणे तिचे. येत नाही म्हणली."

हे मी जूनमधीबी म्हणले होते. आता दुसऱ्यांदा. कळवलं नाही. ह्यांचा मोबाइल बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवलाय, व.चा नंबर त्यातच.

मी बोलले तेव्हा हे ऐकत होते. माझ्याकडं बघत होते. मी भाजी घेऊन आत गेले.

६ सप्टेंबर, शनिवार

तनूला बारा पुरी झाली. केक आणला. ह्यांनी तनूकडं बोट केलं आणि परत मूठ दाबली. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. लिहूनच टाकते.

तनूचं बारसं. अशोकला बहीण नाही, म्हणून नाव ठेवायचा मान त्याच्या आत्याचा, व.चा. व.चा नवरा आदल्या वर्षी गेलेला. हातानं शिवलेलं झबलं घेऊन आली. पाळण्यापाशी गेली, पोरीच्या कानाकडं वाकली. मी मधी हात घातला. चाळीस-पन्नास बायका बसलेल्या. म्हणलं, "अक्का, तुम्ही नका. पयलं लेकरू हाय. कपाळ भरलेली बाई पायजे."

वाकलेली तशीच राहिली थोडा वेळ. मग सरळ झाली. झबलं पाळण्याच्या दांडीवर टाकलं आणि जेवली नाही, गेली. नाव शेजारणीनं ठेवलं. झबलं मी बोहारणीला दिलं.

रीत होती म्हणायला मला येतं. पण पुढच्याच वर्षी गल्लीतल्या एका बारशाला विधवा आत्यानं नाव ठेवलं, तिथं बसून मी पेढा खाल्ला. रीतबीत काही नाही. ही बाई माझ्या घरात आली की हे तिचंच ऐकायचे, अशोक तिच्याच मांडीवर. मला एकदा तिला चारचौघात खाली बघायला लावायचं होतं. लावलं.

हे तिथंच उभे होते. तेव्हा तोंड धड होतं ह्यांचं. काही बोलले नाहीत.

पण दर भाऊबीजेला "डेपोत जाऊन येतो" म्हणून निघायचे. रिटायर झाल्यावरबी डेपोतच. शर्ट धुवायला काढला की खिशात एखादी काळी बी. मी बी फेकायची, शर्ट धुवायची. दोघंबी गप.

यंदा कसे जाणार?

१५ सप्टेंबर, सोमवार

हाताच्या डॉक्टरनं मूठ उघडून पट्टीला बांधली. प्लास्टिकची पट्टी, बोटं सरळ ठेवून वर पट्टे. नाहीतर बोटं कायमची आखडतील म्हणे. दिवसातून दोन तास सोडायची, बाकी बांधून.

मूठच नाही तर फळ कुठलं? घरी आल्यावर डावा अंगठा घेऊन हे त्या पसरलेल्या तळव्यावर शोधत बसले. कुठं दाबावं कळेना. मग हात खाली ठेवला.

मला बरं वाटलं. हे लिहिलं पाहिजे, बरं वाटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज फार वाईट वागले.

सकाळी गल्लीत हातगाडी. "दौलताबादके सीताफळऽऽ!" मी दारात उभीच होते. चार दिवसांपासून कान तिकडंच. पळत गेले, म्हणलं पुढं जा, इथं कोणी खात नाही. तो म्हातारा मुसलमान, हसून म्हणतो, "अम्मा, मीठे हैं। दबाके तो देखो।" मी म्हणलं, जा म्हणलं ना! तर म्हणाला, "क्या अम्मा, फल से भी दुश्मनी?"

आत वळले तर हे खाटेवर उठून बसायला बघत होते. डावा हात वर. दोरी ओढू राह्यले. एकदा. एकदा. एकदा. थांब, थांब, थांब. बत्तीस वर्षं त्या एका घंटीवर सत्तर माणसांची गाडी उभी राहायची.

मी दार लावून घेतलं. गाडी गेली.

दुपारी जेवले नाहीत. तोंडाशी घास नेला तर म्हणाले, "व्हय." तोंड उघडलं नाही.

पट्टी दोन तास सोडायची असती, तेबी लिहिते. मी सोडतच नाही. मीनाला सांगते, दुपारी सोडली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. सोनं द्यायला गल्लीतले आले. ह्यांनी कोणाकडं बघितलं नाही.

मॅ.नं वही मागितली. आठ दिवसांचे रकाने रिकामे. म्हणल्या, का हो आजी? मी म्हणलं, काही करतच नाहीत तर काय लिहू. दोरीबी ओढत नाहीत. मॅ. ह्यांच्यासमोर बसल्या, कपबशी दाखवली, कंगवा दाखवला. हे भिंतीकडं.

बाहेर येऊन मला म्हणल्या, "असं होतं आजी. लई वेळा सांगून कोणाला कळलं नाही की पेशंट सांगायचं सोडून देतात. मग अवघड होतं." आणि वहीवर बोट ठेवून, "ही मुठीची खूण सगळ्यात जास्त वेळा केली होती त्यांनी. तुम्हाला खरंच काही सुचत नाही?"

वहीत पंचवीस-तीस खुणांचे अर्थ मी काढलेत. डोकं खाजवलं की काय, कान धरला की काय. तिला संशय यायला पाहिजे होता. आला नाही. माझा हात धरून म्हणली, तुम्ही किती करता.

रिक्षात तोंड वर करून बसता येईना.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सगळे गेल्यावर पट्टी सोडली. बोटं हळूहळू वळली, मूठ झाली. ती मी माझ्या मांडीवर घेतली. माझ्या अंगठ्यानं दाबली. फिरवली, दाबली. नाकापाशी नेऊन वास घेतला. तेलाचा वास येत होता.

म्हणलं, "शेवंताक्का ना?"

नाव लिहिलं. व. पुरे झालं.

हे माझ्याकडं बघत राहिले. डावा हात इतक्या जोरात वर गेला, मला वाटलं परत झटका येतो का काय. दोन घंट्या. मग परत दोन. परत दोन. तोंडानं व्हय व्हय, आणि या वेळी ते खरंच व्हय होतं.

तिथंच थांबले असते तर मी चांगली ठरले असते. थांबले नाही. म्हणलं, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि अक्काला मी कळवलंच नाही. तिला काही माहीत नाही. राखीपौर्णिमेला वाट बघितली असंल तिनं."

हात वरच राहिला. मग खाली आला. मूठ माझ्या मांडीवरून काढून घेतली, डाव्या हातानं, आपली वस्तू उचलावी तशी. भिंतीकडं वळले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री जेवताना अशोक-मीनाला सांगितलं. सगळं. मोबाइल साड्यांखालून काढून ताटाशेजारी ठेवला.

मीना म्हणाली, "म्हंजे मी महिनाभर आबांचा हात चोळू राह्यले, ते एकदा एकदा ओढू राह्यले, आन् तुम्ही मटार सोलू राह्यल्या?"

मटार नव्हते, गवार होती.

अशोक म्हणाला, मी आत्ता फोन करतो. मग माझ्याकडं बघून फोन खाली ठेवला. "नाही. तूच जा. तुझ्या तोंडानं सांग."

तनूनं विचारलं, "आज्जी, ती आजी माझं काय नाव ठेवणार होती?"

माहीत नाही. बारा वर्षांत मी विचारलं नाही, कोणीच विचारलं नाही.

सकाळी पुढच्या रकान्यात "कळत नाही" खोडलं. बाजूला लिहिलं, बहीण.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दौलताबादला जाऊन आले. काळीपिवळी जीपमधी दाटीवाटीनं. अक्काला काय म्हणायचं ते तोंडातल्या तोंडात घोकत होते. एका पोरीनं जागा दिली, म्हणाली, आजी, बरं नाही का?

किल्ल्याखाली ओळीनं टोपल्या. सुट्ट्यांची गर्दी. ती शेवटी बसलेली, चिंचेखाली. वाळलीय. डोक्यावर पदर तसाच. मला बघितलं आणि परत टोपलीत बघितलं, जशी मी गिऱ्हाईक.

"अक्का."

"द्वारके, तू? कोण मेलं?"

"कोणी नाही." आणि मग एका दमात सांगितलं. जून, उजवी बाजू, तोंड.

फळं लावता लावता हात थांबले. "जून. आता दिवाळी आली."

"मी कळवलं नाही."

"ते दिसतंच हाय. राखीला दोन दिवस वाट बघितली. फोन लावला तर बंद. म्हणलं, भावानंबी तोडलं." टोपली सारखी करत, "बोलतो का?"

"एकच शब्द. व्हय."

"लहानपणापासून तेवढंच बोलतो. बाप मला मारायचा, विचारायचा, हिनंच केलं ना? हा म्हणायचा, व्हय."

हसली. मला हसावं का कळेना. मग मी माझी मूठ वळून मांडीवर ठेवली आणि हे करतात तसं करून दाखवलं. दाबली, फिरवली, वास घेतला. आजूबाजूच्या विकणाऱ्या बाया बघत होत्या. म्हणलं, "ऑगस्टपासून हेच सांगतात. तुम्हाला बोलावतात."

तिनं टोपलीतलं एक फळ उचललं आणि तसंच दाबलं. हुबेहूब तसंच, अंगठाबी तसाच वाकडा. बराच वेळ दाबत राहिली, फळाची पार वाट लागली.

मग मी ते म्हणलं, ज्याच्यासाठी गेले होते. "अक्का, बारशात मी चुकले. रीत नव्हती, माझा खोडसाळपणा होता." भाव विचारावा तसं निघालं तोंडातून. दुसरं कसं म्हणतात मला येत नाही.

"बारा वर्षं लागले व्हय? तोंड तर तुझं धड हाय."

बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. तिसऱ्याला मीच पिशवी धरली.

उठताना विचारलं, "तेव्हा पोरीचं काय नाव ठेवणार होत्या?"

"ते पोरीच्या कानात सांगायचं होतं. तुझ्या नाय."

चार फळं बांधून दिली, दगडासारखी टणक. "तांदळात ठेव. भाऊबीजेपर्यंत होतील. त्याला आण. पोरीलाबी आण."

माझं काही बोलली नाही. मी विचारलंबी नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. अशोकनं ह्यांना गाडीचं सांगितलं, भाऊबीजेला सकाळी निघू. दोन घंट्या, लगेच. तनूला वेण्यांची खूण करून बोलावलं, मूठ दाबून दाखवली, ती म्हणाली, "हो आबा, मी पण येणार, माझं जुनं नाव घ्यायला." हसले.

माझ्याशी सहा दिवस खूण नाही. चिमटासुद्धा नाही. मी चहा देते, घेतात. पट्टी सोडते, बांधते, अगदी घड्याळ लावून. हात देतात, तोंड दुसरीकडं.

तो चिमटा आला असता तरी बरं वाटलं असतं.

आज शेजारणीला सांगितलं, घसा बसलेला नाही, वाचा गेलीय, हातानं बोलतात. ती म्हणाली, आम्हाला माहीत होतं की, सगळ्या गल्लीला माहीत आहे. पडदा कशाला ओढत होते मग मी?

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. ह्यांना ओवाळलं. दिव्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

मग तांदळाच्या डब्यातून चारी फळं काढून पुढं ठेवली. एकेक डाव्या हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं, फिरवलं, वास घेतला. तीन बाजूला ठेवली, पिकली होती. चौथं टणक. ते हातातच धरून बसले.

अशोकनं ह्यांचा शर्ट काढून ठेवलाय इस्त्री करून. मीनानं अक्कासाठी लुगडं आणलंय. तनूनं गाडीत कोण कुठं बसणार ते कागदावर काढलंय. चार जागांवर नावं घातलीत. एक कोरी ठेवलीय. मला म्हणाली, "आज्जी, आबांना विचार."

विचारलं. समोर खाली बसून विचारलं, ह्यांना वर बघावं लागू नये म्हणून.

"उद्या मी येऊ का?"

"व्हय."

तोंडाचं काय, तोंड रोजच म्हणतं. मी हाताकडं बघत राहिले. हात त्या टणक फळावर होता. एक घंटी नाही, दोन नाही.

मीना म्हणाली, आई, जेवायला चला. मी म्हणलं, तुम्ही बसा. मी आहे इथंच.